'रॅम वाढवा' म्हणण्याआधी संदेशातला आकडा वाचा

विंडोजवर जावाचं सॉफ्टवेअर 'कुड नॉट रिझर्व्ह इनफ स्पेस फॉर ऑब्जेक्ट हीप' असा संदेश देऊन बंद पडलं की सल्ले ठरलेले: रॅम वाढवा, एक्सएमएक्स (जावाला जास्तीत जास्त किती हीप घेऊ द्यायचा ती सेटिंग) ४ जीबी करा, पेज फाइल (रॅमच्या जोडीला विंडोज डिस्कवर वापरते ती जागा) बंद करा, टेम्प फाइल्स उडवा. यातले दोन सल्ले तर दुखणं वाढवतात.

'रॅम वाढवा.' बहुतेक वेळा दोष ३२-बिट जावाचा असतो. अशा प्रोग्रामला विंडोज साधारणपणे २ जीबीचीच पत्त्यांची जागा देते आणि हीप, म्हणजे जावाचा डेटा ठेवायची मेमरी, सलग लागतो. मधे डीएलएल (प्रोग्रामसोबत मेमरीत येणाऱ्या कोडच्या फाइल्स) ठाण मांडून बसलेल्या, त्यामुळे सलग तुकडा मिळतो १.४ ते १.६ जीबीचा. रॅम ८ जीबी असो वा ३२, यात फरक पडत नाही. पैसे घालण्याआधी कमांड प्रॉम्प्टवर 'जावा -व्हर्जन' द्या. शेवटच्या ओळीत '६४-बिट' नसेल तर जावा ३२-बिट आहे. सॉफ्टवेअर स्वतःचं जावा घेऊन आलं असेल, तर त्याच्याच बिन फोल्डरमध्ये जाऊन तपासा.

'एक्सएमएक्स ४ जीबी करा.' ३२-बिट जावा हे बघताच 'इनव्हॅलिड मॅक्झिमम हीप साइझ' म्हणून थांबतं. आकडा उतरवायचा असतो. संदेशात २०९७१५२ केबी दिसलं तर १०२४ ने दोनदा भागा: मागणी २ जीबीची होती. एक्सएमएक्समध्ये त्याऐवजी १०२४ एम, म्हणजे १ जीबी, लिहा. सुरू झालं की निदान पक्कं, मग ६४-बिट जावा टाका. सॉफ्टवेअर जुन्या ३२-बिट डीएलएलवर अडून असेल तर मात्र १०२४ वरच राहा.

आकडा बदलूनही संदेश तोच येतोय? वर 'पिक्ड अप _जावा_ऑप्शन्स' अशी ओळ शोधा. हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (विंडोजमध्ये साठवलेली सेटिंग) तुमच्या आकड्यावर मात करतं आणि फार जणांचा दिवस खातं. ते काढून टाका, प्रॉम्प्ट नव्याने उघडा.

'पेज फाइल बंद करा.' हा सल्ला कृपा करून पुढे पाठवू नका. रॅम आणि पेज फाइल यांच्या बेरजेपलीकडे विंडोज मेमरी कबूल करत नाही. पेज फाइल गेली की रॅम मोकळी दिसत असूनही ६४-बिट जावासुद्धा अडतं. लॉगमध्ये 'पेजिंग फाइल इज टू स्मॉल', एरर १४५५. टास्क मॅनेजरमध्ये 'कमिटेड'चे दोन आकडे (कबूल केलेली मेमरी आणि तिची मर्यादा) जवळजवळ सारखे झालेले दिसतील. व्हर्च्युअल मेमरीच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली मॅनेज'वर खूण करून मशीन रीस्टार्ट करा.

टेम्प फाइल्सचा संबंध एवढाच: सी ड्राइव्ह गच्च भरला असेल तर पेज फाइल वाढू शकत नाही.