आईच्या गुडघ्यांसाठी माशाची भुकटी

गेल्या दिवाळीत रत्नागिरीला गेलो, तेव्हा आईने माशाच्या कोलाजेनचा डबा माझ्यापुढे ठेवून विचारले, "हे गुरुवारी चालतं का रे?" घरात एरवी मासे आवडीने खाल्ले जातात, पण गुरुवार तिने आयुष्यभर पाळला आहे, त्यामुळे त्या डब्याची सारी चर्चा मांसाहाराच्या तपकिरी खुणेपाशीच अडली होती. शेजारच्या काकूंनी तर 'शाकाहारी कोलाजेन' मागवले होते. वास्तविक कोलाजेन हे प्राण्यांच्या शरीरात तयार होणारे प्रथिन आहे, वनस्पतींत ते नसतेच. डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले 'गुडघेदुखीपासून आराम' हे शब्द खरे आहेत का, हे मात्र कोणीच विचारत नव्हते.

मी जर्मनीत, हायडेलबर्गला राहतो. इथेही या भुकटीचे डबे दुकानांत रांगेने मांडलेले असतात आणि लोक ते विश्वासाने नेतात, त्यामुळे इथले ग्राहक शहाणे आणि आपले भोळे असे मी म्हणणार नाही. फरक आहे तो डब्यावरच्या मजकुरात. घटकांच्या यादीत 'मासा' हा शब्द ॲलर्जी असणाऱ्यांसाठी ठळक छापावा लागतो, आणि त्याखाली एक वाक्य असते: 'क जीवनसत्त्व त्वचेच्या सामान्य कार्यासाठी लागणाऱ्या कोलाजेनच्या निर्मितीला हातभार लावते.' म्हणजे गुणगान क जीवनसत्त्वाचे, कोलाजेनचे नव्हे! युरोपीय संघाच्या 2006 च्या नियमानुसार आरोग्याचा दावा आधी तपासून घ्यावा लागतो, आणि कोलाजेनमुळे सांधे चांगले राहतात हा कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही, असे तिथल्या अन्नसुरक्षा संस्थेने 2011 मध्येच सांगितले. म्हणून कंपन्या भुकटीत क जीवनसत्त्व मिसळतात आणि त्याचा मंजूर दावा छापतात. ही पळवाटच आहे आणि ती मला मान्य नाही, तरीही गुडघ्यांविषयीचे थेट आश्वासन निदान त्या डब्यावर नसते.

भुकटीमागचे शास्त्र अगदीच पोकळ नाही. खवले आणि कातडी यांतले कोलाजेन विकरांनी (एन्झाइम्सनी) तोडून त्याचे बारीक तुकडे केले जातात, पोटात ते आणखी तुटतात, आणि त्यांतले काही अगदी छोटे तुकडे रक्तात पोहोचल्याचे दिसले आहे. मात्र रक्तात पोहोचलेला तुकडा गुडघ्याच्या कूर्चेत जाऊन बसेल, असे त्यावरून ठरत नाही. त्वचेबाबत 2023 मध्ये 26 चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासात ओलावा आणि लवचीकता वाढल्याचे आढळले. 2025 मध्ये 23 चाचण्यांचा, 1,474 जणांचा असाच आढावा निघाला. त्यातही सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर फायदा दिसत होता, पण कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढताच तो नाहीसा झाला.

हे मी आईला सावकाश समजावून सांगितले. डबा टाकून दे असे म्हणालो नाही, कारण तो तिने स्वतःच्या पेन्शनमधून घेतला होता. मात्र पुढच्या डब्याचे पैसे फिजिओथेरपिस्टला द्यायचे असे आमचे ठरले. आता ती रोज सकाळी खुर्चीवर बसून एकेक पाय सरळ करते आणि दहा आकडे मोजून खाली ठेवते. गुडघ्यांसाठी व्यायामाचा आधार या भुकटीपेक्षा कितीतरी भक्कम आहे.

अन्नपदार्थांच्या जाहिराती आणि दावे यांविषयीचे नियम भारतातही 2018 पासून आहेत. तपकिरी खूण दिसली नाही तर आपण दुकानदाराला लगेच जाब विचारतो. गुडघ्याच्या दाव्याबद्दलही तसेच विचारायला हवे: चाचणी किती माणसांवर झाली आणि तिचा खर्च कोणी केला?