खुलासा: पर्यावरणपूरक जहाजवाहतूक म्हणजे तोटाच, हे खरे नाही

‘प्रदूषण कमी करायचे तर जहाज कंपन्यांना तोटा सोसावाच लागतो’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो अर्धवट आहे, आणि म्हणूनच पटकन पटतो.

त्यातले खरे आधी. हरित मिथेनॉलसारखी (जैविक कचऱ्यापासून किंवा नवीकरणीय विजेच्या मदतीने बनवलेली) इंधने नेहमीच्या जहाजी तेलापेक्षा महाग आहेत. पण सगळा उपाय इंधन बदलण्यात नाही. जहाजाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के कमी केला, की ताशी इंधन सुमारे २७ टक्क्यांनी घटते. प्रवास लांबतो हे धरूनही फेरीमागे जवळपास १९ टक्के बचत उरते. २००८ नंतर अनेक कंपन्यांनी जहाजे संथ चालवली ती पैसे वाचवण्यासाठीच. तळाला चिकटलेले शेवाळ-शिंपले वेळेवर काढले तरी इंधन वाचते.

मग सगळेच हे का करत नाहीत? खरी अडचण इथे आहे आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते, याचे मला वाईट वाटते. मुदतीच्या भाडेकरारात, म्हणजे जहाज ठरावीक काळासाठी भाड्याने दिले जाते तेव्हा, इंधन वाचवणाऱ्या सुधारणांचा खर्च जहाजमालक करतो, इंधनाचे बिल मात्र भाड्याने घेणारा भरतो. पैसे एकाचे, बचत दुसऱ्याची! करारातच बचतीची वाटणी लिहिली, तर मालकालाही खर्च परवडतो.

शिवाय १ जानेवारी २०२४ पासून युरोपीय संघाने मोठ्या जहाजांना कार्बन बाजारात, म्हणजे उत्सर्जनाचे परवाने विकत घ्यावे लागतात त्या व्यवस्थेत, आणले आहे. नियमाखाली येणाऱ्या उत्सर्जनापैकी २०२४ साठी ४० टक्के, २०२५ साठी ७० टक्के आणि २०२६ पासून पूर्ण उत्सर्जनाचे परवाने जमा करावे लागतात. तिथे धूर सोडणे आता फुकट राहिलेले नाही.