कॉनहून परतणाऱ्यांना चार समजुतीच्या गोष्टी

सर्वप्रथम, कपडे बदलू नका. शनिवार-रविवार कॉमिक-कॉनला, म्हणजे कॉमिक्स-ॲनिमेच्या चाहत्यांच्या मेळाव्याला, बीकेसीच्या त्या थंडगार हॉलमध्ये तुम्ही आवडत्या पात्राचे पंख लावून हिंडलात. अनोळखी माणसांनी वाट अडवून फोटो मागितले, कुणाचं तरी शेंबडं पोर "मम्मी, तो बघ!" म्हणत तुमच्या मागे धावलं. एवढं सगळं झाल्यावर जीन्स चढवून, पंख गुंडाळून, चारचौघांसारखं कुर्ल्याच्या शेअर रिक्षात बसायचं म्हणजे केल्या तपश्चर्येवर पाणी. पंखांसकट बसा. रिक्षावाला दोन सीटचे पैसे मागेल, तेव्हा हुज्जत घाला. आपलं पात्र अन्यायाविरुद्ध लढणारं आहे, हे त्याला मधल्या सिग्नलला नीट समजावून सांगा.

रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक आलाच. तो दुपारी चारच्या आसपास संपतो म्हणतात आणि गाड्या मात्र रात्रीपर्यंत रडतखडत येत राहतात. हे तुमच्या पथ्यावरच पडणारं आहे. कुर्ल्याच्या फलाटावर खोळंबलेली गर्दी तुमचीच वाट बघत होती असं समजून पंख पसरा. मात्र साध्या डब्यात फोमची तलवार घेऊन शिरू नका, तिथे लोकांना कला कळत नाही. मालडबा गाठा. रिकाम्या पाट्या घेऊन परतणाऱ्या एखाद्या मावशी विचारतील, "नाटकात काम करतोस का रे बाबा?" विद्याविहारपासून नाहूरपर्यंत त्यांना सगळं सांगा: जपानमधली मूळ मालिका, तिचे सीझन, तुमच्या पात्राचा गेल्या जन्मीचा भाऊ, चिलखताचा ईव्हीए फोम हीट गनने कसा वळवला ते. मुलुंड येता येता त्या म्हणतील, "म्हणजे सोंग घेतलंस." अजिबात मान्य करू नका. दशावतारी, बहुरूपी, भारुडातली सोंगं वेगळी. त्यांना कॉनच्या प्रवेशाचा, मनगटावर बांधायचा पट्टा कुठे मिळायचा?

ठाण्याला उतरून गोखले रोडने चालतच या, म्हणजे उरलंसुरलं दर्शनही लोकांना घडेल. नौपाड्यातल्या जुन्या इमारतींत रविवारी रात्री हमखास पुनर्विकासाची बैठक असते आणि ती हमखास तुमच्याच घरी असते, कारण बाबा कमिटीवर आहेत. बेल वाजवू नका, किल्लीने दार उघडून एकदम आत शिरा. वाढीव कार्पेट एरिया किती, बिल्डर भाडं किती महिने देणार, कॉर्पस हातात कधी पडणार, असल्या क्षुल्लक विषयांवर सात-आठ ज्येष्ठ मंडळी चहा घेत बसलेली असतील. दारात तुमचा डावा पंख अडकेल. तो सोडवायला वळाल, तेव्हा उजव्या पंखाच्या फटक्याने बिल्डरच्या ऑफरचा कागद सेक्रेटरी काकांच्या कपात पडेल. काका माणूस सभ्य. कागद बशीवर निथळत ठेवून, काहीतरी बोलायचं म्हणून विचारतील, "काय रे, फॅन्सी ड्रेस होता का कुठे?"

इथे गप्प बसायचं नाही. तलवार कोपऱ्यात टेकवा आणि इतिहास काढा. 1939 साली न्यूयॉर्कला पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरलं, त्याला फॉरेस्ट ॲकरमन नावाचा तरुण अंगावर झगा टाकून भविष्यकाळातला माणूस बनून आला आणि तिथून हे सगळं सुरू झालं, असं ठासून सांगा. तो पोशाख मर्टल डग्लस या बाईंनी बेतला नि शिवला, त्या स्वतःही तसाच पोशाख करून त्याच्याबरोबर आल्या होत्या, हा भाग गाळला तरी चालतो. गोष्ट उगाच लांबते. शिवाय तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात आई येऊन उभी असेल. तुमच्या पाठीवरचा झगा तिच्या जुन्या शिलाई मशीनवर झालाय. चालताना नीट पडावा म्हणून तिने न सांगता आतून अस्तर लावलं, घेराला दुहेरी पट्टी मारली आणि कमरेपाशी चोरखिसा ठेवून त्यात सुटे पैसे नि तापाची गोळी घातली. स्पर्धेच्या स्टेजवर निवेदकाने विचारलं, तेव्हा तुम्ही माईकमध्ये म्हणालात, "टोटली सेल्फ-मेड!" योग्यच केलंत. परंपरा कुणीतरी चालवायला हवी.

मंडळी पांगली की बाबा बोलतील. 'थेरं' हा शब्द येईल, तुमचं वय येईल, शेजारच्या मुलाचं पॅकेज येईल. निमूट ऐकून घ्या आणि त्यांच्या कपाटाकडे चुकूनही बघू नका. त्या कपाटाच्या दाराला आतून एक बिल्ला लटकतोय. 2010 च्या डिसेंबरात 84 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ठाण्यात भरलं होतं, उत्तम कांबळे अध्यक्ष होते, तेव्हाचा. बाबा तिन्ही दिवस मांडवात. गाळ्यांवरून पुस्तकांच्या पिशव्या भरभरून आणल्या, त्यातल्या काहींची गाठ अजून सुटलेली नाही. एका कवीची सही मिळावी म्हणून जेवणाची रांग सोडून त्या रांगेत उभे राहिले, आणि घरी आल्यावर आठवडाभर ढिसाळ नियोजनावर बोलत होते. न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात पहिलं ग्रंथकार संमेलन भरलं ते 1878 साली. सॅन डिएगोवाल्यांना कॉमिक-कॉन सुचायला 1970 उजाडलं. म्हणजे बिल्ला, रांग, सही आणि तक्रार या चारही विषयांत आपलं घराणं जुनं. पण हे बाबांना सुचवू नका. त्यांनाही अपमान वाटेल आणि, खरं सांगायचं तर, तुम्हालाही.

आता पिशव्या. ती वीतभर उंचीची फिगर, म्हणजे पात्राची प्लास्टिकची बाहुली, खोक्यातून बाहेर काढायची नसते, किंमत उतरते. आईने किती पडले विचारलं, तर शेवटचं शून्य गाळून सांगा. तरीही ती "एवढे?" म्हणेलच.

ही फिगर घेतलीत त्याच्या पलीकडच्याच रांगेत, आर्टिस्ट ॲलीत, म्हणजे चित्रकारांच्या टेबलांच्या ओळीत, एक मुलगी बसली होती. चित्रं स्वतः काढलेली, पदरच्या पैशाने छापून आणलेली, टेबलाचं भाडंही पदरचंच. एका चित्रात पावसातली तलावपाळी होती: दिव्यांच्या बोटी, ओल्या ताडपत्रीखाली भेळेची गाडी, आणि कठड्याला रेलून मक्याचं कणीस खाणारा चार हातांचा एक राक्षस. चारही हातांत चार कणसं. तुम्ही ते बराच वेळ हातात धरून उभे होतात, हसलातही. किंमत दोनशे रुपये. तुम्ही म्हणालात, "दोन घेतली तर?" मग म्हणालात, "इन्स्टावर टॅग करतो ना तुला, रीच मिळेल." ती नुसती हसली. शेवटी तुम्ही चित्र जागेवर ठेवलंत आणि शेजारचा फुकटचा स्टिकर तेवढा उचललात. साच्यातून गठ्ठ्याने निघणाऱ्या प्लास्टिकला छापील किंमत मुकाट मोजायची, आणि समोर बसलेल्या चित्रकर्तीशी मेथीच्या जुडीसारखी घासाघीस करायची, ही सच्च्या चाहत्याची खूण आहे. तो स्टिकर लॅपटॉपला चिकटवा, फोटो काढा आणि वर लिहा, 'सपोर्ट लोकल आर्टिस्ट्स'.

सोमवारी घसा धरेल. बंद एसी हॉल, माणसांचा समुद्र, झोपेचं खोबरं आणि दोन्ही दिवस जेवण म्हणून नाचोज, दुसरं काय होणार? परदेशातले चाहते याला कॉन क्रड म्हणतात आणि त्याची अपेक्षा धरूनच जातात. तुमच्या पात्राला मुखवटाही होता, पण फोटोत चेहरा दिसत नाही म्हणून तो दोन्ही दिवस कपाळावर होता. आई गवती चहा नि आल्याचा काढा समोर ठेवून म्हणेल, "घरी राहा आज." राहू नका. ट्रान्स-हार्बरची सगळ्यात भरलेली लोकल पकडून ऐरोलीच्या ऑफिसला जा आणि जे मिळालं ते सर्वांना वाटा. मनगटावरचा कॉनचा पट्टा कापायचा नाही. तो भिजून, चुरगळून, कळकट होईपर्यंत बाहीच्या बाहेर दिसला पाहिजे. काल माणसं फोटो मागत होती, आज गेटवरचा सिक्युरिटीवाला आयकार्ड मागतोय, या दुःखाबद्दल मीटिंगमध्ये मॅनेजरसमोर सविस्तर बोला. ते ऐकून ते अप्रेझलच्या वेळी आठवण ठेवतील.

राहता राहिले पंख. ते आठवडाभर हॉलमध्ये राहू द्या, म्हणजे येणारा-जाणारा वाकून जाईल. मग एक दिवस तुम्ही ऑफिसात असताना आई ते माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्याशेजारी ठेवेल. इथून पुढे तुम्ही काहीच करायचं नाही. जांभळी नाक्यावरून तुम्ही आणलेला तो सोनेरी फोम एवढा महागाचा, वाया कशाला घालवायचा, असा विचार तिच्या मनात भाद्रपदाच्या तोंडावर येईलच. पंख मधोमध कापून ती त्यांची कमान करेल, कडेला लेस शिवेल, मागे बाबांच्या कुठल्याशा संमेलनाच्या पिशवीचं कापड ताणून लावेल. आरतीला आलेले सेक्रेटरी काका चष्मा वर करून म्हणतील, "वा! मखर कुणी केलं?" आई तुमच्याकडे बोट दाखवेल. तुम्ही मान थोडी खाली घालून म्हणा, "थोडा फोम होता घरी. टोटली सेल्फ-मेड."