सोलो पीव्हीपीचे सात नियम, त्यातले साडेसहा बाद

‘ईव्ह ऑनलाइनमध्ये सोलो पीव्हीपी शिकायचंय? हे सात नियम पाळा, महिन्यात प्रो व्हा.’ हा मेसेज सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खेळणाऱ्या पोरांच्या ग्रुपांतून फिरतोय. ईव्ह म्हणजे अवकाशातल्या जहाजांचा ऑनलाइन गेम, आणि सोलो पीव्हीपी म्हणजे त्यात एकट्याने दुसऱ्या खेळाडूशी लढणं. मेसेज फिरला असता आणि विरला असता. पण आता घरातल्याच एफवायच्या पोराने तो पाठवून विचारलंय, ‘काका, प्लेक्स घ्यायला बाबांकडे किती मागू?’ (प्लेक्स म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायची, गेममध्ये विकता येणारी वस्तू.) म्हणून हे लिहिणं आलं.

नियम असे. एक, साधी फ्रिगेट (लहान, स्वस्त लढाऊ जहाज) म्हणजे पैसे पाण्यात. निदान क्रूझर (त्याहून मोठं जहाज) नाहीतर पायरेट शिप (चाच्यांच्या गटांचं महागडं जहाज) घ्या. दोन, शत्रू दिसला की अप्रोच (‘त्याच्याकडे जा’चं बटण) दाबा, सगळ्या गन चालू करा, अंगाला चिकटा. तीन, लोसेकच्या (कमी सुरक्षेच्या भागातल्या) गेटवर, म्हणजे एका सिस्टिममधून दुसरीत नेणाऱ्या दारावर, उभे राहा, शिकार आपोआप येते. चार, स्किल पॉइंट (वेळेनुसार साठणारे कौशल्याचे गुण) जमेपर्यंत वर्षभर थांबा. पाच, भारतातल्या पिंगमुळे (सर्व्हरपर्यंत हुकूम पोचायला लागणाऱ्या वेळामुळे) सोलोत आपण मागेच राहणार. सहा, हरतोय असं वाटलं की नेट बंद करा. सात, लोकलमध्ये (सिस्टिममधल्या सगळ्यांची नावं दाखवणाऱ्या चॅटमध्ये) माणसं कमी म्हणजे धोका नाही.

क्रमाने जात नाही. दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांनी नुकसान होईल, पण याच्याने माणूस खेळायलाच शिकणार नाही.

अप्रोच दाबल्यावर काय होतं ते बघा. तुमचं जहाज समोरच्याच्या दिशेने सरळ रेषेत निघतं. त्याच्या गनला तुमच्यामागे फिरावंच लागत नाही. टरेट (जहाजावरची फिरणारी गन) लागतो की चुकतो हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: तुम्ही त्याच्या नजरेसमोरून आडवे किती वेगाने सरकताय, आणि तुम्ही त्याच्यापासून किती लांब आहात. ईव्ह युनिव्हर्सिटी ही खेळाडूंनीच २००४ पासून चालवलेली शिकवणी. तिच्या विकीवर टरेट डॅमेजचं पान आहे, त्यात अख्खं सूत्र मांडलंय. मेसेज लिहिणाऱ्याने ते एक पान वाचलं असतं तरी नियम दोन जन्माला आला नसता.

सूत्राची भीती वाटत असेल तर एवढंच धरा. आडवा वेग भागिले अंतर, हा झाला कोनीय वेग. ५०० मीटरवरून सेकंदाला ४०० मीटरने घिरट्या घातल्या तर ०.८ रेडियन. तोच वेग ५,००० मीटरवर असेल तर ०.०८. जहाज तेच, वेग तोच, पण समोरच्या गनला दहापट सोपं काम. आणि सरळ रेषेत अंगावर गेलात तर शून्य, म्हणजे तो डोळे मिटून मारेल. त्यात मायक्रोवॉर्पड्राइव्ह (जहाजाचा वेग खूप वाढवणारं इंजिन) चालू असेल तर तुमची सिग्नेचर (गनला जहाज किती मोठं दिसतं तो आकडा) पाचशे टक्क्यांनी वाढलेली असते. ३५ मीटरची फ्रिगेट २१० मीटरची दिसते. दाराएवढं लक्ष्य, तेही सरळ येणारं.

आंग्र्यांची गलबतं परक्यांच्या मोठ्या जहाजाच्या बाजूच्या तोफांसमोर छाती काढून जात नसत. मागच्या अंगाने यायची, जिथे तोफा कमी. विजयदुर्गच्या खाडीकाठच्या पोरांना हे समजावून सांगावं लागावं! ईव्हमधल्या गन चहूकडे फिरतात हे खरं, पण फिरायला त्यांना वेळ लागतो, आणि खेळ त्या वेळातच आहे.

आता अंतर. ऑप्टिमल (गन नीट लागते ते अंतर) संपल्यावर फॉलऑफ (नेम ढासळत जाणारा टप्पा) सुरू होतो. ऑप्टिमल अधिक एक फॉलऑफ एवढ्या अंतरावर लागण्याची शक्यता निम्मी, अधिक दोन फॉलऑफवर सहा टक्क्यांच्या आसपास. म्हणून पहिला प्रश्न ‘कोण जास्त मारतो’ हा नाही, ‘अंतर कोण ठरवतो’ हा आहे. त्यासाठीचे आकडे पाठच करा. वॉर्प डिसरप्टर टू चोवीस किलोमीटरवरून धरतो, पण फक्त वॉर्प (लांबची झेप घेऊन निसटणं) अडवतो. वॉर्प स्क्रॅम्बलर टू नऊ किलोमीटरवरून धरतो आणि समोरच्याचा मायक्रोवॉर्पड्राइव्हही बंद पाडतो. वेब टू दहा किलोमीटरवरून वेग साठ टक्क्यांनी खाली आणतो. आफ्टरबर्नरला (त्याहून कमी वेग देणाऱ्या इंजिनाला) मात्र स्क्रॅम काही करू शकत नाही. म्हणजे स्क्रॅम, वेब आणि आफ्टरबर्नर तुमच्याकडे आणि समोरच्याकडे नुसता मायक्रोवॉर्पड्राइव्ह असेल, तर नऊ किलोमीटरच्या आत आल्यावर अंतर तुमच्या हातात.

समोरचा कायटर असला, म्हणजे वीसेक किलोमीटरवर राहून लांबून टोचणारा, तर अप्रोच दाबणं म्हणजे त्याच्या मनासारखं वागणं. तो मागे सरकत राहतो, तुम्ही मार खात मागे धावत राहता. त्याऐवजी अवकाशात डबलक्लिक करून त्याच्या उलट दिशेला पळा. त्याने ऑर्बिट (भोवती घिरट्या) किंवा कीप ॲट रेंज (ठरलेलं अंतर राखणं) लावलेलं असेल तर त्याचं जहाज अंतर राखायला तुमच्यामागे वळतं आणि वेग घेतं. त्याचा वेग पुरता तुमच्याकडे वळला की मायक्रोवॉर्पड्राइव्ह ओव्हरहीट करून, म्हणजे तापवून जास्तीचा जोर काढून, उलटे फिरा. त्याला नाक वळवायला जो वेळ लागतो तेवढ्यात अंतर झपकन तुटतं. स्क्रॅमही ओव्हरहीट केलेला असेल तर नऊऐवजी १०.८ किलोमीटरवरून लागतो. याला स्लिंगशॉट म्हणतात. पहिल्या दहा वेळा चुकतो, कारण घाईत लवकर वळलं जातं. अंतराचा आकडा नव्हे, ओव्हरव्ह्यूतला (आसपासच्या गोष्टींच्या यादीतला) त्याच्या वेगाचा रकाना बघत बसायचं.

ओव्हरहीटला थर्मोडायनॅमिक्स हे स्किल लागतं, आणि तापलेल्या मॉड्यूलची (जहाजाला लावलेल्या उपकरणाची) आच त्याच रांगेतल्या शेजाऱ्यांनाही लागते. चालू करून विसरलात तर ऐन वेळी स्क्रॅमच जळून बसेल.

अंगाला चिकटणं कधीच बरोबर नसतं असं नाही. तुमच्याकडे ब्लास्टर (जवळून मारणाऱ्या गन) आहेत, समोरच्याकडे रेलगन किंवा आर्टिलरी (लांबून मारणाऱ्या गन) आहे आणि तो आधीच स्क्रॅम-वेबमध्ये अडकलाय, तर ५०० मीटरवर ऑर्बिट घालाच. पण ही लढाईची शेवटची पायरी आहे, मेसेजवाल्याने तिला पहिली केलीय.

आता नियम एक, बाबांच्या खिशातला. ईव्हमध्ये फुटलेलं जहाज गेलं ते गेलं. हल (जहाजाचा सांगाडा) नाहीसा होतो, मॉड्यूलांपैकी साधारण निम्मी जिंकणाऱ्याच्या हाती पडतात, उरलेली नष्ट. नवशिक्या हरणार, वीस-तीस वेळा हरणार, त्यातूनच हात बसतो. मग हरण्याची किंमत कमीत कमी ठेवायची की खरे पैसे मोजून प्लेक्स घ्यायचं, ते विकून पायरेट शिप घ्यायचं आणि पहिल्या संध्याकाळी ते घालवायचं? टेक वन (साध्या, पहिल्या दर्जाच्या) हलचा प्लॅटिनम (सगळ्यात वरचा) विमा बराचसा हल भरून देतो. पायरेट हल जायचा तो विमा आणि बाजारभाव यांच्यातली दरी तुमच्या गळ्यात टाकून जातो. वर महाग जहाज दिसलं की एकटा कोणी लढायला येतच नाही. चौघं येतात, नाहीतर कोणीच नाही.

एकाच प्रकारच्या दहा टेक वन फ्रिगेट घ्या, सगळ्या एकाच फिटच्या (उपकरणांच्या मांडणीच्या), आणि लढायच्या भागाजवळच्या एका स्टेशनात ठेवा. मर्लिन नावाची घ्या म्हणतो मी. उपकरणं बसवायला तीन हाय स्लॉट, चार मिड, तीन लो. हायमध्ये तीन ब्लास्टर. मिडमध्ये आफ्टरबर्नर, स्क्रॅम, वेब आणि मीडियम शील्ड एक्स्टेंडर. लोमध्ये डॅमेज कंट्रोल, मॅग्नेटिक फील्ड स्टॅबिलायझर, आणि तिसऱ्यात सीपीयू किंवा पॉवरग्रिड (उपकरणं पेलायची जहाजाची ताकद) जे कमी पडेल ते भरून काढणारं काहीतरी. गेममधल्याच फिटिंग सिम्युलेशनमध्ये आधी लावून बघा, बाजारात मग जा. या सगळ्याला अल्फा क्लोन, म्हणजे फुकटचं खातं, पुरतं. कोणाकडेही काही मागायला नको.

दहाही एकच फिट का? कारण हरल्यावर कारण शोधता आलं पाहिजे. रोज वेगळं जहाज चालवणाऱ्याला आपण जहाजामुळे हरलो की हाताने, हे कधीच कळत नाही.

गेटवर उभं राहण्याबद्दल थोडक्यात. लोसेकमध्ये कोणावर आधी गोळी झाडलीत आणि तो सस्पेक्ट (गुन्ह्यामुळे कोणीही मारू शकेल असा) किंवा तुमचा युद्धातला शत्रू नसेल, तर गेटच्या गन तुमच्यावर सुटतात. फ्रिगेट त्यात टिकत नाही. समोरच्याने गोळी झाडलेलीच नसेल तर तो गेटमधून निघून जातो. तुम्हाला मात्र साठ सेकंदांचा वेपन्स टायमर लागलेला, ना गेट घेता येत ना डॉक होता येत. आणि तामासारख्या हायसेकला (जास्त सुरक्षेच्या भागाला) लागून असलेल्या सिस्टिममध्ये गेटवर आधीच कोणी ना कोणी जाळं लावून बसलेलं असतं. खाडीच्या तोंडाशी रापण लागलेली असताना मासा तिथेच जाऊन उभा राहत नाही.

जागा हवी तर फॅक्शन वॉरफेअरची (गेममधल्या साम्राज्यांच्या युद्धाची) नोव्हिस कॉम्प्लेक्स, म्हणजे लहान जहाजांची रणांगणं. त्यांच्या ॲक्सिलरेशन गेटमधून क्रूझर, डिस्ट्रॉयर आत येऊच शकत नाहीत, म्हणजे येईल ती फ्रिगेटच. आणि येणारा आत बीकनपाशी (खुणेच्या दिव्यापाशी) उतरतो, हे आधीच ठाऊक असतं. वरची ब्लास्टर मर्लिन असेल तर बीकनवर शून्य मीटरला बसा. तो तुमच्या मांडीवरच उतरतो. लॉक, स्क्रॅम, वेब, ऑर्बिट, मग गन, याच क्रमाने. गन आधी चालू केल्या तर तो वॉर्प करून निघून जातो. उलट तुम्ही दुसऱ्याच्या कॉम्प्लेक्समध्ये शिरताय आणि तो बीकनपासून पंचवीस किलोमीटरवर बसलेला दिसला, तर तो कायटर आहे. त्याचा लॉक पुरा व्हायच्या आत वॉर्प दाबा. ही माघार नव्हे, अंतराचा हिशेब आहे.

वर्षभर थांबा, या नियमात अर्धं खरं आहे. मान्य करायला जिवावर येतंय, पण आहे. सीपीयू मॅनेजमेंट, पॉवर ग्रिड मॅनेजमेंट, प्रोपल्शन जॅमिंग, थर्मोडायनॅमिक्स आणि तुमच्या गनचं स्किल, ही नसतील तर फिटच बसत नाही किंवा बसलं तरी चावत नाही. पण गणित करा. रँक एकच्या स्किलला पाचवी लेव्हल २,५६,००० पॉइंटला पडते, चौथी ४५,२५५ ला. जेमतेम अठरा टक्के पॉइंटमध्ये पाचातल्या चार पायऱ्यांचा फायदा. मोजकी स्किलं चौथ्या लेव्हलपर्यंत न्या आणि निघा. तुमच्यापेक्षा दहापट स्किल पॉइंट असलेला माणूसही फ्रिगेटमध्ये बसला की फ्रिगेटची लागतात तेवढीच स्किलं वापरतो; बॅटलशिपची स्किलं त्याला तिथे उपयोगी नाहीत.

पिंग. ईव्हचा सर्व्हर लंडनमध्ये आहे आणि तो सेकंदाला एकदा हिशेब करतो. तुमचा हुकूम दोनशे मिलिसेकंदांत पोचो की पन्नास, बहुतेकदा दोन्ही एकाच ठोक्यात मोजले जातात. हा नेमबाजीचा खेळ नव्हे. लाईन तुटणं हा त्रास वेगळा, तो पुढे येतो. हो, रोज दुपारी साडेचारला सर्व्हर थोडा वेळ बंद असतो. त्याला ‘आपलंच नेट गेलं’ म्हणू नका.

नेट बंद करा, हा सल्ला देणाऱ्याने तो स्वतः एकदा तरी करून बघितलाय का? लढाईत गोळी झाडली की पंधरा मिनिटांचा पीव्हीपी टायमर लागतो. कनेक्शन तुटल्यावर जहाज आपणहून वॉर्प करायला बघतं, पण स्क्रॅम लागलेला असेल तर ते जागीच राहतं. सुटलं तरी टायमर संपेपर्यंत अवकाशातच असतं, आणि प्रोब (शोधक यंत्रं) टाकून सापडतं. म्हणजे नेट बंद करून तुम्ही जहाज वाचवत नाही, फक्त सुकाणू सोडता. जून-जुलैत झावळी तारांवर पडून लाईट जाते तेव्हा हेच नको असताना होतं. म्हणून राउटरला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावा, आणि वारा सुटलेल्या संध्याकाळी लॅपटॉपची बॅटरी भरलेली नसेल तर लोसेकमध्ये जाऊच नका.

हरताय हे दिसलं की करायचं एकच. स्ट्रक्चर (जहाजाचा शेवटचा थर) कमी व्हायला लागलं की ओव्हरव्ह्यूत एखादा ग्रह निवडा आणि वॉर्पचं बटण दाबत राहा. जहाज फुटतं, पॉड (पायलटची कुपी) बाहेर पडतो आणि लोसेकमध्ये बबल (वॉर्प अडवणारा गोल) नसल्याने बहुतेकदा निसटतो. इम्प्लांट (पायलटच्या डोक्यात बसवलेली उपकरणं) वाचतात.

लोकलचं काय सांगावं! लोकल नावं सांगतं, जहाजं नाही. त्यासाठी डिरेक्शनल स्कॅनर, त्याची झेप १४.३ एयू (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर). कोन पाच अंशांवर आणा, कॅमेरा कॉम्प्लेक्सकडे वळवा, स्कॅन दाबा, आत कुठली फ्रिगेट आहे ते शिरण्याआधीच कळतं. ट्रिस्टन दिसली तर ड्रोन येणार, कॉन्डॉर दिसली तर लांबून मिसाइल, इन्कर्सस दिसली तर ती तुमच्यासारखीच ब्लास्टरवाली आणि बहुधा रिपेअररवर जगणारी. नाव झीकिलबोर्डवर (कोणी कोणाला मारलं याची नोंद ठेवणाऱ्या वेबसाइटवर) टाकलं की तो माणूस खरंच एकटा फिरतो की मागे तिघं ठेवून, तेही कळतं. शिरायचं की नाही हे बाहेर उभं राहून ठरवायचं.

आणि मेसेजच्या सातही नियमांत नसलेली एक गोष्ट. युद्धातल्या शत्रूला सोडून लोसेकमध्ये दुसऱ्या कोणावर सगळं नीट जुळवून गन दाबली आणि काहीच सुटलं नाही, तर घाबरू नका. सेफ्टीचं (चुकून गुन्हा होऊ नये म्हणून गन अडवणारं) बटण हिरवं आहे, ते पिवळं करा. लाल नको, लाल फक्त पॉड मारायला लागतं.