बदक आहे, बदक नाही

पाच जणांनी मिळून बाहेर जेवायला जाणं ही आनंदाची गोष्ट आहे, असं ज्यांना वाटतं त्यांच्यावर जागा ठरवायची पाळी कधी आलेली नसते. आमच्या पाचांत एक अट्टल मांसाहारी आहे. एक मैत्रीण कडक शाकाहारी आहे, इतकी की शेजारच्या टेबलावर ऑम्लेट आलं तर ती खुर्चीची दिशा बदलते. दुसरी कांदा-लसूण खात नाही. एका मित्रानं सहा महिन्यांपूर्वी ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, सोडलं, पण ते सोडल्याचं सांगणं अजून सोडलेलं नाही. पाचवा मी. मला काहीही चालतं, म्हणून सगळ्यांना काय चालतं ते शोधायचं काम माझं.

तीन आठवड्यांच्या संशोधनानंतर मी चिनी शाकाहारी उपाहारगृह शोधून काढलं. चिनी बौद्ध पद्धतीचं, म्हणजे मांस नाही, मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. एका दगडात मी तीन पक्षी मारले होते. त्यातला एक पक्षी पुढे ताटात येणार आहे, हे मला ठाऊक नव्हतं.

मेन्यूकार्ड उघडलं आणि टेबलावर शांतता पसरली. पहिल्या पानावर भाजलेलं बदक, दुसऱ्यावर आंबटगोड मासा, तिसऱ्यावर कोळंबी. सगळ्यांचे रंगीत फोटो. बदकाची कातडी तर इतकी खरी की तिच्यावर पिसं उपटल्याच्या खुणाही होत्या.

"तू मला कुठे आणलंयस?" शाकाहारी मैत्रिणीनं विचारलं. आवाज शांत होता. मी घाबरलो.

"अगं, हे सगळं खोटं आहे. गव्हाचं आहे."

"गव्हाचं?" हा दुसरीकडून आलेला आवाज ग्लूटेनवाल्याचा होता.

"म्हणजे खरं बदक नाहीच?" हा तिसरा. मांसाहाऱ्याला मी 'चिनी' एवढंच सांगितलं होतं, 'शाकाहारी' हा शब्द फोनवर गिळला होता.

एका वाक्यात तीन माणसं दुखावण्याचा हा माझा वैयक्तिक उच्चांक.

आता माझी बाजू मांडतो. नकली मांस ही हल्लीची फॅशन नव्हे. चीनमधल्या लियांग घराण्याचा सम्राट वू (राज्यकाळ इ.स. 502 ते 549) बौद्ध झाला, त्यानं स्वतः मांस सोडलं आणि भिक्षूंनाही सोडायला लावलं. सोंग काळापर्यंत (दहावं ते तेरावं शतक) तिथल्या राजधान्यांतल्या खानावळींतून मांसासारखे दिसणारे शाकाहारी पदार्थ मिळू लागले होते. कृती ऐकायला सोपी आहे. कणीक मळायची आणि पाण्याखाली धूत राहायची. पिठूळ भाग वाहून जातो आणि हातात चिवट, रबरी गोळा उरतो. त्याला चिनीत 'म्येनचिन' म्हणतात, म्हणजे शब्दशः कणकेचा स्नायू. तो वाफवायचा, तळायचा, मुरवायचा, की झालं बदक. हे सगळं मी टेबलावर तळमळीनं सांगितलं. 'स्नायू' हा शब्द मात्र सांगायला नको होता.

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. वयस्कर, हसतमुख, कमरेला एप्रन. ग्लूटेनवाल्यानं त्यांना मेन्यूतल्या एकेका पदार्थावर बोट ठेवून विचारायला सुरुवात केली. बदक? गहू. कोंबडी? गहू. सॉसेज? गहू. कोळंबी गव्हाची नव्हती, कोंजॅक नावाच्या कंदाची होती. त्याचा चेहरा जरा उजळला. मग बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की तिच्यावरच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. शेवटी त्यानं भात आणि उकडलेली पालेभाजी मागवली आणि अशा नजरेनं माझ्याकडे पाहिलं की त्याच्या वाटचा गहू मी स्वतः पेरला असावा.

शाकाहारी मैत्रीण चित्रं न पाहता नावं वाचून निवड करत होती. तिथंही गोची. 'यूश्यांग वांगं' म्हणजे माशाच्या चवीचं वांगं. तिनं ते ताबडतोब बाद केलं. वास्तविक सेचुआनमध्ये कुठेही गेलात तरी या पदार्थात मासा नसतो. मासा रांधताना वापरतात तो मसाला त्यात असतो, म्हणून हे नाव. उलट 'मापो तोफू' हे नाव ऐकायला किती गरीब! तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. तिनं हौसेनं निवडलं. बाहेर एरवी त्यात सर्रास खिमा घालतात. इथं नव्हता, म्हणून मी गप्प बसलो. सगळी माहिती सगळ्यांना देऊ नये, हे 'स्नायू' प्रकरणावरून मी शिकलो होतो.

या सगळ्या गोंधळात एकच व्यक्ती सुखी होती, ती म्हणजे कांदा-लसूण न खाणारी. एरवी प्रत्येक हॉटेलात वेटरची उलटतपासणी घेणारी ती इथं आरामात चहा पीत बसली होती. बौद्ध परंपरेत पाच उग्र पदार्थ वर्ज्य आहेत. कांदा-लसणाच्या कुळातले चार, आणि पाचवा चक्क हिंग. शिजवून खाल्ले तर वासना वाढते आणि कच्चे खाल्ले तर राग, असं म्हणतात. त्या दिवशी आम्ही त्यातलं काहीच खाल्लं नव्हतं, तरी टेबलावर रागाची टंचाई नव्हती.

जेवण आलं आणि टेबलाच्या मध्यावरची ती फिरती काचेची तबकडी भरली. या तबकडीमागे फार चांगला हेतू आहे. पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू लिएन-ते यांनी 1910-11 मध्ये ईशान्य चीनमधल्या मांचुरियातली प्लेगची साथ आटोक्यात आणली. एकाच भांड्यात सगळ्यांच्या उष्ट्या चॉपस्टिक्स जाऊ नयेत म्हणून 1915 मध्ये त्यांनी फिरता ट्रे आणि वाढायला वेगळे चमचे सुचवले. रोग थांबवण्यासाठी उत्तम कल्पना. फक्त पाच मराठी माणसं एकाच वेळी तो ट्रे फिरवतील याचा अंदाज त्यांना आला नसावा. मी मशरूमवर नेम धरायचो, मशरूम निघून जायचे आणि माझ्या चॉपस्टिक्सच्या चिमट्यात हवा. कोणी घड्याळाच्या दिशेनं फिरवी, कोणी उलट. आणि दर वेळी तबकडी थांबली की बदक नेमकं शाकाहारी मैत्रिणीपुढे. ती ते पुढे ढकलायची. ते फिरून परत तिच्याच दारी.

मग मासा आला. सबंध. तोफूच्या सायीचा देह, समुद्री शेवाळाची काळी कातडी, कल्ल्यांच्या जागी चिरा. बनवणाऱ्यानं कुठेही कसूर केली नव्हती.

"याला डोळा आहे," ती म्हणाली.

मी वाकून पाहिलं. वाटाणा होता. मी तो चमच्यानं काढून खाऊन दाखवला. तिनं डोळे मिटून घेतले. माशाचा डोळा काढून खाणारा मित्र, अशी माझी नोंद त्या दिवशी झाली आणि ती अजून पुसलेली नाही.

मांसाहारी मित्राचं दुःख याच्या बरोब्बर उलट होतं. तो प्रत्येक घासाला हताशपणे मान हलवत होता. "दिसतं सगळं, लागत काहीच नाही. कोंबडीला हाड नको?" बाईंनी ते ऐकलं असावं, कारण पुढच्या ताटलीत तंगड्या आल्या आणि प्रत्येक तंगडीत हाडाच्या जागी उसाची कांडी खोचलेली होती. त्यानं हाड चोखलं. गोड लागलं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

अखेर जे व्हायचं ते झालं. तबकडी बाराव्यांदा की तेराव्यांदा थांबली, बदक समोर आलं, आणि शाकाहारी मैत्रिणीनं एक कोपरा तोडून तोंडात टाकला. आम्ही चौघं जेवायचे थांबलो. तिनं सावकाश चावलं. मग दुसरा तुकडा घेतला. मग तिसरा.

"छान आहे," ती म्हणाली आणि लगेच तिचा चेहरा पडला. "पण मग मला बदक आवडतं असं झालं का?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेही उत्तर नव्हतं. कणकेनं पाप लागत नाही, हे खरं. पण कणीक समजून खाल्लं आणि बदक म्हणून आवडलं, तर? मांसाहारी म्हणाला, "काळजी करू नकोस, खरं बदक असं मुळीच लागत नाही." तिला थोडं बरं वाटलं. मला जरा वाईट वाटलं, कारण दूर उभ्या बाईंचं लक्ष आमच्याकडेच होतं.

शेवटी 'लो हान जाय' आलं. बुद्धाच्या अर्हत, म्हणजे निर्वाणाला पोचलेल्या, शिष्यांवरून नाव पडलेली ही मिश्रभाजी आहे. थाटात करायची तर अठरा अर्हतांचे म्हणून अठरा जिन्नस घालतात. ग्लूटेनवाल्यानं 'निदान भाज्या तरी' म्हणून वाटी पुढे केली, एक घास उचलला आणि किंचाळला, "यात केस आहे!"

एक नव्हता. काळाभोर पुंजका होता. एवढे केस माझ्या डोक्यावरही राहिलेले नाहीत.

मी बाईंना बोलावलं. त्यांनी पाहिलं आणि अभिमानानं हसल्या. ते 'फात चोय', केसांसारखं दिसणारं शेवाळ. उच्चार 'भरभराट होवो' या शुभेच्छेसारखा, म्हणून नववर्षाला ते मुद्दाम खातात. आम्ही माना डोलावल्या. मग त्यांनी आवाज खाली आणून सांगितलं की खरं फात चोय खरवडून खरवडून जमिनीचं वाळवंट व्हायला लागलं, म्हणून चीनमध्ये 2000 साली ते गोळा करायला आणि विकायला बंदी आली. हे स्टार्चचं आहे. नकली.

म्हणजे केस खोटा होता, आणि ज्या शेवाळाला आम्ही केस समजलो तेही खोटं होतं. मांसाहारी मित्र इतका हसला की त्याला उसाचा ठसका लागला.

वातावरण निवळलं. सगळ्यांनी सूप मागवलं. पुढच्या वेळी कुठे जायचं यावर चर्चासुद्धा सुरू झाली. मी निवांतपणे वाटी उचलली आणि पाहिलं, तर सुपावर एक केस तरंगत होता. लांबसडक, आणि पांढरा.

"यात केस आहे," मी म्हणालो.

"खा रे," शाकाहारी मैत्रीण बदकाचा शेवटचा तुकडा उचलत म्हणाली. "स्टार्चचा असेल."

मी मालकीणबाईंकडे पाहिलं. त्या गल्ल्याशी उभ्या राहून आपला लांबसडक, पांढरा अंबाडा पुन्हा बांधत होत्या. मी केस हळूच काढून रुमालात ठेवला आणि सूप पिऊ लागलो.