डॅशबोर्डचा प्रश्न परीक्षेत हवा

ब्रिटनमध्ये राहायला आल्यावर भारतीय लायसन्सवर बारा महिने गाडी चालवता येते. त्यानंतर पुण्या-मुंबईत वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही शिकाऊ ठरतो आणि त्याला इथली परीक्षा पहिल्यापासून द्यावी लागते. या परीक्षेत गाडी जागची हलण्याआधी परीक्षक एक प्रश्न विचारतो. एबीएसमध्ये (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) बिघाड झाला तर तुम्हाला कसं कळेल? किंवा, मागचा फॉग लाइट कसा लावाल, आणि तो केव्हा लावायचा? दुसरा प्रश्न गाडी रस्त्यावर धावत असताना येतो: मागच्या काचेचा डिफॉगर, म्हणजे वाफ घालवणाऱ्या तारा, लावून दाखवा. डिसेंबर 2017 पासून ही पद्धत आहे. तोंडी सांगायचे चौदा आणि करून दाखवायचे सात, असे एकवीस प्रश्न आधीच जाहीर असतात.

उत्तर चुकलं तर फक्त एक किरकोळ चूक लिहिली जाते, आणि अशा पंधरा चुका माफ असतात. म्हणून बरेच जण उत्तरं पाठ करतात आणि महिन्याभरात विसरतात. तरीही हा प्रश्न मला मोलाचा वाटतो, विशेषतः दुसरा. नजर रस्त्यावर आणि एक हात स्टिअरिंगवर असताना दुसऱ्या हाताला बटण सापडतं की नाही, हे त्यात तपासलं जातं. पाठांतराने ते जमत नाही.

आपल्याकडे गाड्यांवर वाद कमी होत नाहीत. सनरूफ हवं की नको, स्क्रीन किती इंची, क्रॅश टेस्टमध्ये तारे किती. सहा एअरबॅग सक्तीच्या कराव्यात का, यावर 2022-23 मध्ये बरंच बोललं गेलं, आणि शेवटी सक्ती झाली नाही. पण एअरबॅगचा दिवा पेटलेला असेल तर दोन काय आणि सहा काय, अपघातात त्या उघडतील याची खात्री उरत नाही, हे त्या सगळ्या वादात क्वचितच कुणी सांगितलं.

गंमत नाही, खरी खंत आहे: आपल्या नियमात हा विषय आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 31 व्या नियमात ड्रायव्हिंग स्कूलचा अभ्यासक्रम दिला आहे. त्यात पायाने आणि हाताने चालवायच्या यंत्रणांबरोबर इन्स्ट्रुमेंट क्लस्टर, गेज, डायल आणि वायपर यांचाही उल्लेख आहे. प्रत्यक्षात शिकवणी क्लच, ब्रेक, गिअर आणि आठाच्या आकड्यावर संपते, कारण आरटीओच्या ट्रॅकवर तेवढंच बघतात. परीक्षेत जे विचारत नाहीत ते क्लासमध्ये कोण शिकवणार?

डॅशबोर्डच्या दिव्यांची भाषा जगभर एकच आहे. हिरवा किंवा निळा म्हणजे काहीतरी चालू आहे (निळा अप्परचा, काही गाड्यांत थंड इंजिनाचाही), पिवळा म्हणजे लवकर दाखवून घ्या, लाल म्हणजे आत्ता थांबा. लाल दिव्यांपैकी चार दिवे प्रत्येक चालकाला पाठ हवेत, आणि त्यांच्याबद्दलचे गैरसमज इथे आणि तिथे सारखेच आहेत.

तेलाच्या झारीचा दिवा तेलाची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. तो लागला म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोचत नाही, आणि अशा वेळी "पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ" म्हणणाऱ्याचं इंजिन त्या गॅरेजच्या आधीच सीझ होऊ शकतं. बाजूला घ्या, इंजिन लगेच बंद करा. सपाट जागी पाच-दहा मिनिटं थांबून डिपस्टिक (तेल मोजायची पट्टी) काढा, पुसा, पुन्हा पूर्ण आत घालून काढा. लहान गाड्यांमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेत साधारण एक लिटरचं अंतर असतं. तेल कमी असेल तर योग्य ग्रेडचं घालून दिवा जातो का पाहा. पातळी बरोबर असूनही दिवा राहिला तर गाडी टो करूनच न्यायची.

बॅटरीच्या दिव्याला लोक बॅटरी बदलायला धावतात. खरं तर तो सांगतो की अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून वीज बनवणारं यंत्र) बॅटरी चार्ज करत नाही. बऱ्याचदा बेल्ट सैल झालेला किंवा तुटलेला असतो. काही इंजिनांत तोच बेल्ट पाण्याचा पंपही फिरवतो, मग बॅटरीच्या दिव्यामागून काही मिनिटांत तापमानाचा काटा चढू लागतो. इंजिन चालू असताना बॅटरीच्या टोकांवर साधारण 13.8 ते 14.4 व्होल्ट मिळाले तर चार्जिंग ठीक आहे. 12 च्या आसपास घुटमळत असेल तर नवी बॅटरीही एका दिवसात उतरेल.

तापमानाचा काटा मात्र पूर्ण खरं बोलत नाही. आजच्या बऱ्याच गाड्यांत कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) 75 अंशांवर असो की 100 च्या पुढे, काटा मुद्दाम मधोमध धरून ठेवलेला असतो. तो मधली जागा सोडून वर सरकला याचा अर्थ गाडी आधीच बरीच तापली आहे. घाट चढताना असं झालं तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम आणि पंखा पूर्ण जोरात लावा. हीटर हा लहानसा रेडिएटरच आहे, इंजिनाची उष्णता तो आत खेचून घेतो. आत हाल होतील, पण थांबायला सुरक्षित जागा मिळेपर्यंत हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन भागांमधलं सील) वाचू शकतं. दिवा लाल झालाच तर थांबून इंजिन बंद करा, आणि ते पूर्ण निवेपर्यंत कूलंटचं झाकण उघडू नका.

चौथा दिवा गोलातल्या उद्गारचिन्हाचा. हँडब्रेक सोडूनही तो जात नसेल तर बहुधा ब्रेक ऑइल कमी झालेलं असतं. या दिव्यावर मेकॅनिकही घाई करतात आणि बाटली ओततात. ब्रेक पॅड झिजले की कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि ती जागा भरायला ऑइल खाली उतरतं. म्हणजे पातळी घटणं ही पॅड संपत आल्याची खूण असू शकते, नाहीतर गळतीची. दोन्हींत बाटली हे उत्तर नाही. या दिव्याबरोबर एबीएसचा पिवळाही लागला तर पुढच्या-मागच्या चाकांतली ब्रेकची वाटणी बिघडलेली असू शकते आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी जाम होतात.

पिवळ्यांपैकी इंजिनाचा दिवा स्थिर असेल तर घरी पोचून स्कॅन करा. तो लुकलुकत असेल तर सिलिंडरमध्ये मिसफायर होतंय आणि न जळलेल्या पेट्रोलमुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) जळतोय, तेव्हा पाय लगेच हलका करायला हवा. बीएस-6 डिझेलवाल्यांना डीपीएफच्या, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या, दिव्याचा फार राग येतो. ती गाडी शहरात पाच-पाच किलोमीटर फिरवली की फिल्टर काजळीने भरतो. हमरस्त्यावर 60 च्या पुढे, इंजिन 2,000 आरपीएमच्या आसपास ठेवून सलग पंधरा-वीस मिनिटं चालवली की तो बहुधा स्वतःच जाळून मोकळा होतो. लंडनमध्येही डिझेलवाल्यांना हेच सांगावं लागतं.

आता काच. ब्रिटनचा हिवाळा आणि सह्याद्रीतला पावसाळा यांत उपाय उलटा होतो, आणि म्हणूनच नुसतं बटण माहीत असून भागत नाही, वाफ कुठल्या बाजूला आहे ते आधी पाहावं लागतं. बोटाने काच आतून पुसा. रेघ उमटली तर वाफ आतली आहे: चार माणसांचा श्वास, ओले कपडे, भिजलेल्या छत्र्या. अशा वेळी हवा समोरच्या काचेवर वळवा, रीसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा आणि तापमान वाढवा. एसीच्या थंड जाळीवर हवेतला ओलावा पाणी होऊन गळून जातो आणि कोरडी, कोमट हवा काचेवरची वाफ उचलते. थंडीत एसी कशाला, असं म्हणून ते बटण बंद ठेवणारे इथेही खूप आहेत.

बोट फिरवून रेघ उमटली नाही तर वाफ बाहेरून आहे. जुलैत आंबोलीत किंवा माळशेजला हेच होतं. बाहेरची हवा दमट आणि उबदार, आणि आपण तास-दीड तास थंडगार हवा काचेवर सोडून ती गार केलेली. आता एसी आणखी वाढवला तर काच आणखी धुरकट होईल. वायपरचा एक हात फिरवा, काचेवरचा झोत काढून पायांकडे वळवा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. एवढंच.

मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या तारा बऱ्याच गाड्यांत दहा-वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, बटण पुन्हा दाबावं लागतं. महाराष्ट्रात चार महिने पाऊस पडतो, तरी कितीतरी गाड्यांच्या खालच्या व्हेरियंटमध्ये मागचा वायपर आणि डिफॉगर नसतात. त्याच गाडीच्या जाहिरातीत सनरूफ असतं. ग्राहकाने शोरूममध्ये यावरून भांडायला हवं असं मला मनापासून वाटतं.

भर पावसात एक्सप्रेसवेवर चारही इंडिकेटर (हेजर्ड) लावून गाड्या धावतात, त्यामागे काळजीच असते, पण परिणाम वाईट होतो. चारही लुकलुकत असताना लेन बदलण्याची खूण देता येत नाही. आणि गाडीचा अर्धा भाग ट्रकआड असेल तर मागच्याला एकच दिवा दिसतो, त्याला वाटतं ही गाडी वळतेय. ब्रिटिश हायवे कोडच्या 116 व्या नियमानुसार चालत्या गाडीत हे दिवे लावायला मनाई आहे. अपवाद मोटरवे आणि तसल्या वेगवान दुहेरी रस्त्यांचा: पुढे अडथळा आहे हे मागच्यांना कळवण्यापुरतेच, तेही थोडा वेळ. दृश्यमानता साधारण 100 मीटरच्या खाली गेली की हेडलाइट डिप्परवर लावायचे आणि हवा तर फॉग लाइट. धुकं विरळ झालं की फॉग लाइट बंद, कारण मागचा लाल फॉग लाइट ब्रेक लाइट झाकोळतो. ऑटो हेडलाइटवर विसंबू नये. त्याचा सेन्सर अंधार मोजतो, धुकं नाही. दिवसाढवळ्या खंडाळ्याच्या धुक्यात तो दिवे लावेलच असं नाही. पुढचे डीआरएल (दिवसा आपोआप पेटणारे दिवे) पेटलेले दिसतात म्हणून चालक निश्चिंत असतो आणि बऱ्याच गाड्यांत मागे काहीच पेटलेलं नसतं. डॅशबोर्डवर दिव्यांची हिरवी खूण दिसते का, ते बघायचं.

टचस्क्रीन की बटणं, या वादात मी पूर्णपणे बटणांच्या बाजूचा आहे. 2022 मध्ये 'व्ही बिलेगारे' या स्वीडिश मासिकाने ताशी 110 किलोमीटर वेगात चालकांना तापमान, रेडिओ, स्क्रीनचा प्रकाश अशी नेहमीची कामं करायला लावली. बटणांच्या 2005 च्या व्हॉल्व्होत ती दहा सेकंदांत, 306 मीटरमध्ये झाली. टचस्क्रीनच्या सर्वात मागे पडलेल्या गाडीत जवळपास 45 सेकंद लागले आणि गाडी 1,372 मीटर पुढे गेली. जर्मनीत 2020 मध्ये कार्ल्सरूच्या उच्च न्यायालयाने टेस्लाच्या एका चालकाचा 200 युरो दंड आणि महिन्याची वाहनबंदी कायम केली. पावसात वायपरचा वेग स्क्रीनवरून बदलताना त्याची गाडी रस्त्याबाहेर गेली होती. क्रॅश टेस्ट करून गाड्यांना तारे देणाऱ्या युरो एनकॅपच्या 2026 पासूनच्या मूल्यांकनात इंडिकेटर, हेजर्ड, हॉर्न, वायपर आणि आपत्कालीन कॉल यांना स्वतंत्र बटणं असावीत यावर भर आहे. आपल्याकडे तारे देणाऱ्या भारत एनकॅपने हा मुद्दा उचलला तर कंपन्यांना ऐकावं लागेल.

तोवर टेस्ट ड्राइव्हच्या आधी उभ्या गाडीत बसून, नजर समोर ठेवून, हाताने पाच गोष्टी शोधा: समोरच्या काचेचं डिफॉग, वायपरचा वेग, तापमान, हेजर्ड, मागचा डिफॉगर. प्रत्येकीला दोन सेकंद. 80 च्या वेगाला दोन सेकंदांत गाडी 44 मीटर जाते.

एका बाबतीत आपण ब्रिटनच्या पुढे आहोत. जुलै 2019 पासून भारतातल्या नव्या गाड्या 80 च्या पुढे थांबून थांबून आणि 120 च्या पुढे सतत वाजतात. इथे अशी सक्ती नाही. त्या आवाजावर आपल्याकडे वैताग फार, आणि सीटबेल्टचा बीप बंद करणाऱ्या क्लिप तर ऑनलाइन सर्रास विकल्या जात होत्या. 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ई-कॉमर्स कंपन्यांना त्या काढायला लावल्या, ते योग्यच झालं.

तपासणीत मात्र आपण मागे आहोत. ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी एमओटी तपासणी होते. एअरबॅग, एबीएस किंवा इंजिनाचा दिवा बिघाड दाखवत असेल तर ती नापास होते. त्या वेळचं किलोमीटरचं, म्हणजे इथे मैलांचं, रीडिंग गाडीच्या नंबरवरून कुणालाही फुकट पाहता येतं, त्यामुळे मीटर मागे फिरवलेलं पकडता येतं. आपल्याकडे खाजगी गाडीला पंधरा वर्षं पीयूसीखेरीज कुणी हात लावत नाही.

म्हणून सेकंडहँड गाडी घेताना हे काम स्वतः करावं लागतं. इंजिन सुरू न करता चावी ऑनवर न्या. तेल, बॅटरी, इंजिन, एबीएस, एअरबॅग हे सगळे दिवे पेटलेच पाहिजेत. एअरबॅगचा चार-सहा सेकंदांनी आपला आपण विझतो, तेल आणि बॅटरीचे इंजिन सुरू झाल्यावर. एअरबॅगचा दिवा पेटलाच नाही तर तो काढलेला किंवा झाकलेला असू शकतो. आणि तो तेलाच्या दिव्याबरोबर त्याच क्षणी विझला तर त्याची वायर तेलाच्या दिव्याला जोडलेली असण्याची शक्यता आहे. अशा गाडीचा भाव करत बसू नका.