इंग्रजी अ‍ॅडव्हर्बचे ‘पाच पक्के नियम’, त्यातले साडेचार कच्चे

व्हॉट्सअ‍ॅपवर सध्या एक चित्र फिरतंय. निळ्या पट्टीवर मथळा: ‘इंग्रजीत अ‍ॅडव्हर्ब कुठे ठेवाल? पाच पक्के नियम’. (अ‍ॅडव्हर्ब म्हणजे क्रियाविशेषण, क्रिया कशी, कधी, किती हे सांगणारा शब्द.) खाली दम दिलाय: ‘यातली एक चूक, आणि नोकरी हातची गेली.’ नियम असे. एक, ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये काहीही घालू नये. दोन, ‘विल’, ‘हॅव’ अशी सहायक क्रियापदं आणि मुख्य क्रियापद यांच्या मध्येही नाही. तीन, ‘होपफुली’ने वाक्य सुरू करू नये. चार, अ‍ॅडव्हर्बच्या शेवटी ‘ली’ हवंच. पाच, ‘ओन्ली’ ज्या शब्दाबद्दल असेल त्याला अगदी चिकटून बसला पाहिजे.

यादी दिसायला भारदस्त आहे, म्हणूनच लोक डोळे मिटून पुढे ढकलतात. इंटरव्ह्यूला निघालेली मुलं मात्र ती पाठ करतात आणि बोलताना मनातल्या मनात शब्द मोजत बसतात. तेव्हा एकेकाचा समाचार घेऊ.

‘टू’च्या मागे कुणी पहारा लावला, इथून सुरुवात करू. ‘टू’ आणि क्रियापद यांच्या मध्ये शब्द घालणं इंग्रजीत कित्येक शतकं चालत आलंय. रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या १७८६ साली छापलेल्या कवितेत ‘टू नोब्ली स्टेम’ असं सरळ लिहिलेलं आहे. यावर नाक मुरडणं एकोणिसाव्या शतकात वाढलं. इंग्लंडमधल्या कँटरबरी कॅथीड्रलचे डीन, म्हणजे मुख्य पाद्री, हेन्री आल्फर्ड यांनी १८६४ मध्ये ‘हे आपल्यात चालत नाही’ अशा थाटात आक्षेप घेतला आणि पुढे शाळामास्तरांनी तो उचलून धरला. कारण सहसा असं सांगतात की लॅटिनमध्ये ‘टू’ आणि क्रियापद मिळून होणारं हे रूप एकाच शब्दाचं असतं, ते फोडता येत नाही. शेजारच्या घराला खिडकी नाही म्हणून आपली बुजवायची, त्यातला हा प्रकार.

नियम पाळला तर काय होतं ते बघा. ‘ही फेल्ड टू कम्प्लीटली अंडरस्टँड द कॉन्ट्रॅक्ट’ म्हणजे करार त्याला कळला, पण पूर्ण नाही कळला. आता नियमाच्या धाकाने ‘कम्प्लीटली’ बाहेर काढा: ‘ही फेल्ड कम्प्लीटली टू अंडरस्टँड द कॉन्ट्रॅक्ट’. इथे गडी साफ नापास झाला, त्याला ओ की ठो कळलेलं नाही. किंवा हे घ्या: ‘प्रायसेस आर एक्स्पेक्टेड टू मोअर दॅन डबल’. किमती दुपटीहून जास्त वाढतील, एवढा साधा मजकूर. यातलं ‘मोअर दॅन’ उचलून दुसरीकडे कुठे बसतं का, करून पाहा. ‘टू’च्या आधी बसत नाही, ‘डबल’च्या नंतरही नाही. ‘इकॉनॉमिस्ट’ साप्ताहिकाची शैलीपुस्तिका बरीच वर्षं सांगायची की या नियमात अर्थ नाही, पण वाचक चिडतात म्हणून पाळा. २०१८ मध्ये त्यांनीही तो नाद सोडला.

दुसरा नियम हा पहिल्याचाच धाकटा भाऊ, पण जास्त उपद्रवी. त्याने थेट अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथेत गोंधळ घातला असावा, असं मानायला जागा आहे. तिथल्या संविधानात शपथेचे शब्द ठरलेले आहेत: ‘आय विल फेथफुली एक्झिक्यूट द ऑफिस ऑफ प्रेसिडेंट’. ‘विल’ आणि ‘एक्झिक्यूट’च्या बरोबर मध्ये ‘फेथफुली’. २० जानेवारी २००९ला बराक ओबामांना शपथ देताना सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स कागद न बघता सांगत होते आणि त्यांनी ‘फेथफुली’ उचलून पार वाक्याच्या टोकाला नेऊन ठेवलं. ओबामांना मूळ शब्द माहीत होते. ते ‘एक्झिक्यूट’पाशी थांबले, बघत राहिले. रॉबर्ट्स सावरायला गेले, तर क्रियापदच राहून गेलं. शेवटी ओबामांनी पहिला, चुकीचा क्रमच म्हणून टाकला. लाखो लोक समोर होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी व्हाइट हाउसमध्ये, कुणी नंतर खुसपट काढायला नको म्हणून, तीच शपथ पुन्हा झाली. एका अ‍ॅडव्हर्बच्या जागेवरून!

भाषाशास्त्रज्ञ स्टीव्हन पिंकर यांनी त्याच आठवड्यात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये अंदाज मांडला की रॉबर्ट्स काटेकोर व्याकरणाचे मोठे भोक्ते, तेव्हा ‘क्रियापद फोडू नये’ हा घोकलेला नियम त्यांच्या तोंडी नकळत आला असावा. माणसाच्या मनात काय होतं हे कोण सांगणार? निव्वळ विसरलेही असतील. पण संविधानाचे शब्द तर समोर आहेत, आणि ते या चित्रातल्या दुसऱ्या नियमाच्या कसोटीला उतरत नाहीत. उलट सहायक आणि मुख्य क्रियापदाच्या मधली जागा ही अ‍ॅडव्हर्बची सगळ्यात सवयीची जागा आहे: ‘आय हॅव ऑलरेडी ईटन’, ‘शी विल प्रॉबेब्ली कम’. ‘शी प्रॉबेब्ली विल कम’ असंही म्हणतात, पण तेव्हा ‘विल’वर जोर येतो.

‘होपफुली’वर फार वेळ घालवण्यात हशील नाही. ‘फ्रँकली’, ‘फॉर्च्युनेटली’ने सुरू होणारी वाक्यं चालतात आणि हेच तेवढं नाही, याला कधीच धड कारण नव्हतं. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने २०१२ मध्ये ‘होपफुली’ला प्रवेश दिला. विषय संपला.

‘ली’चा नियम मात्र खरोखर घात करतो. ‘फास्ट’ला ‘ली’ लागतच नाही. ‘फ्रेंडली’ला ‘ली’ आहे, पण ते विशेषण. ‘ड्राइव्ह स्लो’ला नावं ठेवणाऱ्यांनी शेक्सपिअर उघडावा. त्याच्या नाटकात चंद्र ‘स्लो’च क्षीण होतो, ‘स्लोली’ नाही. (ऑफिसच्या पत्रात ‘स्लोली’ लिहा, माझी हरकत नाही.) घात होतो तो ‘हार्ड’मध्ये. मुलगा इंटरव्ह्यूत मेहनतीबद्दल सांगायला जातो, नियम आठवतो, ‘ली’ लावतो आणि म्हणतो, ‘आय हार्डली वर्क’. समोरच्याला ऐकू येतं: मी जवळपास कामच करत नाही. ‘लेट’ आणि ‘लेटली’चंही असंच, उशिरा आणि हल्ली.

‘ओन्ली’चा नियम अर्धा खरा. पाटीवर, करारात, नियमावलीत जागेला किंमत असते. ‘ओन्ली मेंबर्स मे पार्क हिअर ऑन संडेज’ आणि ‘मेंबर्स मे पार्क हिअर ओन्ली ऑन संडेज’ यांत फरक एवढा की दुसऱ्यात सभासदाचीही सोमवारी गाडी उचलली जाईल. बोलताना मात्र ‘आय ओन्ली हॅव टेन रुपीज’ ऐकून कुणाचा गैरसमज होत नाही, कारण जोर कुठे आहे ते आवाज सांगतो. आपल्याकडचं ‘ही इज इन पुणे ओन्ली’ हे निराळंच प्रकरण. तो आपला ‘च’ आहे, ‘तो पुण्यातच आहे’मधला. आपापसांत बिनधास्त म्हणा. मँचेस्टरच्या क्लायंटशी बोलताना ‘ही इज स्टिल इन पुणे’ म्हटलेलं बरं.

माझी खरी तक्रार मात्र यादीत काय नाही याबद्दल आहे. जो नियम मराठी माणसाला खरंच उपयोगी पडला असता, तोच गाळलाय: क्रियापद आणि कर्म यांच्या मध्ये अ‍ॅडव्हर्ब सहसा येत नाही. ‘शी स्पीक्स व्हेरी वेल इंग्लिश’ चुकतं, ‘शी स्पीक्स इंग्लिश व्हेरी वेल’ बरोबर. आपण ‘ती फार छान इंग्रजी बोलते’ आणि ‘ती इंग्रजी फार छान बोलते’ दोन्ही म्हणतो, म्हणून कानाला खटकत नाही. कर्म लांबलचक असेल तर मात्र इंग्रजीही सूट देते. तसंच ‘ऑल्वेज’, ‘यूज्वली’ ही मंडळी मुख्य क्रियापदाच्या आधी येतात पण ‘इज’, ‘आर’च्या नंतर: ‘ही ऑल्वेज कम्स लेट’, पण ‘ही इज ऑल्वेज लेट’.

आणि ‘ईव्हन’. ‘मीपण पुण्याचा’ म्हणायला आपण सहज ‘ईव्हन आय अ‍ॅम फ्रॉम पुणे’ म्हणून जातो. सुरुवातीच्या ‘ईव्हन’मध्ये आश्चर्य असतं, खुद्द माझ्यासारखा माणूससुद्धा, असं. त्यामुळे ऐकणारा विचारात पडतो की या गृहस्थांनी पुण्याचं असण्यात एवढं नवल ते काय. ‘आय अ‍ॅम ऑल्सो फ्रॉम पुणे’ पुरतं.